मागे कोणीतरी उभं हाय

कळमन्याच्या वजनकाट्यावर मिरचीचा मोसम.
ट्रकामागे ट्रक, पार भंडारा रोडपर्यंत,
आणि केबिनमध्ये गुणवंत पराते
माऊस दाबतोय: टण्ण.
परत दाबतोय: टण्ण.
पडद्यावर आकडा दिसतो, हलत नाही.
“म्याडम, हे काऊन असं करून राह्यलं?
मुकं झालं म्हणावं, तर वाजते.”

मी शिंकत शिंकत खुर्ची ओढली.
कूलरच्या हवेतसुद्धा भिवापुरी होती.

बिघडलं काहीच नव्हतं.
पावती छापू का, होय की नाही,
एवढंच विचारायला एक चौकट उघडली होती
आणि मोठ्या खिडकीच्या पाठीमागे जाऊन उभी होती,
मंगल कार्यालयात
कोणाकडची ते कोणालाच ठाऊक नसलेल्या बाईसारखी,
हातात आहेराचं पाकीट घेऊन.
तिला उत्तर मिळेस्तोवर
मोठीनं काही ऐकायचं नाही, हा नियम.
मोठी नियमानं वागत होती.
बाहेर हॉर्न.

गुणवंतला उपाय माहीत होता. सहा वर्षांपासून.
एकेक खिडकी खाली पाडत जायची,
शेवटी ती सापडतेच.
तिचं नावही त्यानं ठेवलेलं: लाजरी.
नव्या पोराला, रोशनला,
त्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं,
“टण्ण झालं का समजजो बे,
मागे कोणीतरी उभं हाय.”
रोशन विसरला, घाबरला, त्यानं वायर उपटली.
दुपारपर्यंतच्या पावत्या गेल्या,
म्हणून मला फोन.
नाहीतर सातवं वर्षही निघालं असतं.

रात्री त्रिमूर्तीनगरच्या खोलीत
जुना कोड उघडला. ओळ तीनशे बारा.
चौकट बोलावताना पहिली जागा पालकाची.
तिथे मीच लिहिलेलं: कोणी नाही.
शेजारी टीप: नंतर बघू.
तेव्हा चालत होतं ना.
माझ्या टेबलावर ती दरवेळी पुढेच यायची,
मी एकटीच तर होते विचारायला आणि सांगायला.

पालक म्हणून सगळ्यात मोठी खिडकी दिली.
घरचा कर्ता. फॉर्मवर सही त्याचीच चालते.
आणि अख्खं दुकान कशाला बंद करायचं,
पालक तेवढा थांबला की पुरे, असंही ठरवलं.
चौकट मधोमध उगवली,
खिडकी सरकवली तर सोबत सरकली,
गुणवंत म्हणाला, “आता बराबर.”

शुक्रवारी फोन. एका ट्रकच्या दोन पावत्या.
व्यापारी केबिनच्या दारात, आवाज चढलेला.
चौकटीनं कर्त्याला थांबवलं होतं, खरंय.
पण छापायचं बटण होतं वजनाच्या फॉर्मवर,
तो बाजूला मोकळाच,
रोशननं ते पुन्हा दाबलं. दाबणारच.
कर्त्याला तर या ट्रकचं काही माहीतच नव्हतं.

तेव्हा तिथल्या तिथे, पोत्यावर लॅपटॉप ठेवून,
डोळे पुसत, ती ओळ तिसऱ्यांदा लिहिली.
पालकाच्या जागी आता एकच शब्द,
ज्याचा अर्थ: मीच.
जो फॉर्म बोलावतो आहे तो स्वतः.
ज्याच्यामुळे विचारायची वेळ आली,
त्यानंच थांबायचं, तिच्याजवळ, उत्तर येईपर्यंत.
चार अक्षरं. सहा वर्षं.
मिरचीमुळेच डोळ्यांत पाणी होतं, असं धरून चालू.

परवा त्या बाजूला गेले होते, तर्री-पोहे खाऊन.
काट्यावर ट्रक चढला,
आकडा थरथरला, थांबला.
गुणवंतनं बटण दाबलं,
चौकट समोर आली, नीट, नजरेला नजर देऊन.
होय, म्हणाला. पावती निघाली.
मग त्यानं सगळ्या खिडक्या खाली पाडल्या.
मागे निळा पडदा आणि रोशननं लावलेला
फुटाळ्याचा फोटो. बाकी कोणी नाही.
त्यानं एकेक करून परत वर घेतल्या.
“आता नाही येत ती मागे,” मी म्हटलं.
“माहीत हाय न, म्याडम,” तो म्हणाला,
“पाहून घेतो.”